वावडे नेमके कशाचे?

अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांविषयी वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील बहुतेकांना रक्ततपासणीच्या अहवालाची छायाप्रत जोडलेली होती आणि बहुतेकांच्या शेवटी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न होता : यात एवढे सगळे पॉझिटिव्ह आले आहे, तर आता खायचे काय? म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ याच विषयाला दिला आहे. पत्रांत आरोग्याचा खासगी तपशील असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर मालवणचे, धंदा मासेमारीचा. मुलगी नववीत आहे. सकाळी उठल्याबरोबर आणि अंथरुणे झटकताना तिला शिंकांवर शिंका येतात, नाक गळत राहते. रक्ततपासणीत धुळीतील माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), झुरळ, कोळंबी आणि कुर्ली (खेकडा) असे चारही पॉझिटिव्ह आले. तेव्हापासून, म्हणजे दीड महिना, तिचे सुंगटे, म्हणजे कोळंबी, बंद आहेत. पण ती लहानपणापासून सुंगटांची कढी, सोड्यांची भाजी, जवळ्याची चटणी खात आली आहे आणि तिच्या अंगावर कधी एक गांधी उठलेली नाही. सासूबाई म्हणतात, रिपोर्टच खोटा आहे. असे असू शकते का? – एक आई, मालवण

उत्तर : रिपोर्ट खोटा नाही, आणि सासूबाईही चुकलेल्या नाहीत. या तपासणीला जे विचारले होते त्याचेच उत्तर तिने दिले आहे. चूक झाली ती उत्तराचा अर्थ लावण्यात.

रक्तातील ज्या प्रतिपिंडांमुळे तत्काळ स्वरूपाची अ‍ॅलर्जी होते त्यांना आयजीई म्हणतात. नेहमीच्या तपासणीत कोळंबीचा अर्क घेतात आणि त्यातील कशालाही चिकटणारे आयजीई रक्तात आहे का, एवढेच पाहतात. हा अर्क म्हणजे कोळंबी वाटून, द्रावणात भिजवून, गाळून घेतलेले पाणी. त्यात शेकडो प्रथिने असतात. त्यांतील कोणते प्रथिन चिकटले, हे अर्क सांगू शकत नाही. कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे एक प्रथिन असते. आपल्याकडच्या पांढऱ्या कोळंबीतील मुख्य अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारा घटक, हेच आहे, हे १९९३ साली दाखवले गेले आणि त्याला ‘पेन आय १’ हे नाव आहे. हेच प्रथिन थोड्या फरकाने कुर्लीत, झुरळात आणि धुळीतील माइटमध्येही असते, कारण हे चौघेही सांधेदार पायांच्या एकाच मोठ्या कुळातले आहेत. माइटच्या आणि कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनची रचना सुमारे ८० टक्के सारखी असते. त्यामुळे वर्षानुवर्षे गादीतील माइट श्वासावाटे घेणाऱ्या एखाद्याच्या शरीरात माइटच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध आयजीई तयार झाले, तर ते प्रयोगशाळेतील नळीत कोळंबीलाही जाऊन चिकटते. अहवालात कोळंबी पॉझिटिव्ह येते; ताटातली कोळंबी मात्र त्या व्यक्तीला बाधेलच असे नाही.

असे किती जणांचे होते? कर्नाटकातील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडले, पण लक्षणे आणि तपासणी यांचा मेळ घालून ज्यांना खाद्यपदार्थाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता दिसली असे लोक १.२ टक्केच होते. या दोन आकड्यांमध्ये जे लोक उरतात, त्यांत आपली मुलगी असावी.

आता मूळ विषय. अर्काऐवजी एकेक प्रथिन वेगळे घेऊन तपासणी करता येते. ही प्रथिने बहुतेक वेळा रिकॉम्बिनंट पद्धतीने, म्हणजे जनुक दुसऱ्या सूक्ष्मजीवात घालून तयार केलेली असतात. आपल्या मुलीची तक्रार सकाळच्या शिंकांची आहे. माइटची खरी अ‍ॅलर्जी असेल तर ‘डर पी १’, ‘डर पी २’ आणि ‘डर पी २३’ या माइटच्या मुख्य प्रथिनांपैकी एखादे तरी बहुधा पॉझिटिव्ह येते. माइटच्या ट्रोपोमायोसिनचे नाव ‘डर पी १०’. पहिल्या गटाबरोबर ‘डर पी १०’ही पॉझिटिव्ह आले, तर कोळंबी, कुर्ली आणि झुरळ एका दमात पॉझिटिव्ह का आले याचा उलगडा होतो. ‘डर पी १०’ निगेटिव्ह आले, तर आणखी शोध घ्यावा लागतो, कारण कोळंबीत आर्जिनिन कायनेजसारखी इतरही अ‍ॅलर्जन आहेत आणि ट्रोपोमायोसिन निगेटिव्ह असले म्हणून कोळंबी निर्धोक ठरत नाही.

पण खरे सांगायचे तर आपल्या मुलीच्या बाबतीत ही महागडी तपासणी करण्याआधीच अर्धे उत्तर आपण पत्रात लिहून पाठवले आहे. जो पदार्थ ती वर्षानुवर्षे खाते आणि ज्याने तिला कधी काही झाले नाही, तो केवळ अहवालावरून बंद करायचा नसतो. मात्र मध्ये दीड महिन्याचा खंड पडला आहे, म्हणून पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना हे पत्र जसेच्या तसे वाचून दाखवा आणि पहिला घास त्यांच्या सल्ल्याने द्या. कोळंबी शिजत असताना वाफेने तिचे नाक किंवा दम वाढतो का, तेही त्यांना सांगा. ट्रोपोमायोसिन उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे ‘चांगली उकळून दिली तर चालेल’ हा सल्ला कोळंबीची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या कोणालाही देऊ नये. बांगडा, सुरमई, पापलेट यांचा या सगळ्याशी संबंध नाही. माशांचे मुख्य अ‍ॅलर्जन पार्व्हाल्ब्युमिन हे निराळे प्रथिन आहे. शिंकांसाठी गादी-उशांना घट्ट विणीची आवरणे घालणे आणि चादरी आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुणे, हे कोळंबी बंद करण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. कोळंबीतून काढलेल्या खऱ्या प्रथिनापेक्षा जिवाणूकडून बनवून घेतलेले प्रथिन अधिक चांगले कसे, हे मला समजत नाही. नक्कल अस्सलापेक्षा चांगली असू शकते का? – एक शिक्षक, लातूर

उत्तर : आपल्या शाळेतील बहुतेक मुलांना हिपॅटायटिस बी ची लस दिलेली असेल. ती लस म्हणजे विषाणूच्या आवरणाचे एक प्रथिन, जे यीस्टकडून तयार करून घेतलेले असते. त्यासाठी आता कोणाचे रक्त लागत नाही. मधुमेहाचे रुग्ण घेतात ते मानवी इन्सुलिनही १९८२ पासून याच मार्गाने येते. अ‍ॅलर्जनच्या बाबतीत हे १९८८ च्या सुमारास साधले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे माइटच्या ‘डर पी १’ चा जनुक वेगळा काढला गेला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात बर्च या झाडाच्या परागकणातील ‘बेट व्ही १’ चा. नावांची पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना आवडेल. प्रजातीच्या लॅटिन नावातील पहिली तीन अक्षरे, मग जातीचे एक अक्षर आणि शेवटी क्रमांक. बेट्युला व्हेरुकोसा या झाडाचे ‘बेट व्ही १’, डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस या माइटचे ‘डर पी १’; ‘पी’ कशासाठी, असे मुलांनी विचारले, तर त्या नावाच्या इंग्रजी लेखनातील पहिले अक्षर उच्चारले जात नाही, एवढे सांगावे.

अर्काचा दोष असा की तो दरवेळी सारखा निघत नाही. एका हंगामातील परागकणांत एखादे प्रथिन भरपूर, दुसऱ्या हंगामात कमी; साठवणीत काही प्रथिने तुटतात; काही पाण्यात उतरतच नाहीत. त्वचेवरच्या चाचणीत हातावर पेनाने आखलेल्या खुणांशेजारी अर्काचे थेंब ठेवून बारीक टोचणी देतात आणि पंधरा मिनिटांनी उठलेल्या गांधीचा व्यास मोजपट्टीने मोजतात. ३ मिलिमीटर किंवा अधिक भरला तर पॉझिटिव्ह. मोजमाप मिलिमीटरमध्ये आणि थेंबात काय आहे ते नक्की नाही, ही विसंगती या व्यवसायातील सगळ्यांनीच वर्षानुवर्षे चालवून घेतली आहे. रबराच्या चिकाच्या तपासणीचे उदाहरण पाहा. त्यातील ‘हेव बी ५’ हे महत्त्वाचे प्रथिन अर्कात पुरेसे टिकत नसल्यामुळे काही रुग्ण तपासणीतून निसटत. उपाय म्हणून त्या अर्कातच रिकॉम्बिनंट ‘हेव बी ५’ वरून घालण्यात येऊ लागले. अस्सलात जे हरवले, ते नकलेने भरून काढले.

दुसरा फायदा थोडा अनपेक्षित आहे. वनस्पतींच्या आणि कीटकांच्या पुष्कळ प्रथिनांवर विशिष्ट शर्करेच्या शाखा असतात आणि काही लोकांच्या रक्तात त्या शर्करेविरुद्धच आयजीई असते. अशा व्यक्तीच्या तपासणीत मधमाशी आणि गांधीलमाशी दोन्ही पॉझिटिव्ह येतात, शिवाय कितीतरी परागकणही. आणि त्यातल्या कशाने प्रत्यक्ष त्रास होत नसतो. ई. कोलाय या जिवाणूला या शाखा जोडता येत नाहीत. म्हणून त्याने तयार केलेली मधमाशीच्या विषातील ‘एपी एम १’ किंवा गांधीलमाशीची ‘व्हेस व्ही ५’ ही प्रथिने शर्कराविरहित असतात आणि खरा दंश कोणाचा बाधला हे वेगळे काढता येते.

मात्र आपली शंका पूर्णपणे निराधार नाही. आयजीई प्रथिनाच्या घडीला ओळखते. जिवाणूत तयार झालेल्या प्रथिनाची घडी चुकली, तर ते रासायनिकदृष्ट्या बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. ‘डर पी १’ ई. कोलायमध्ये नीट घडत नव्हते, म्हणून ते यीस्टमध्ये बनवावे लागले. आणि ज्या प्रथिनाचा जनुक अजून कोणी काढलेला नाही, त्याची तपासणी या पद्धतीत नसतेच. तेथे अर्क अजूनही उपयोगी पडतो.

प्रश्न : मी पाच वर्षे म्युनिकमध्ये आहे. तिसऱ्या वसंतापासून मार्च-एप्रिलमध्ये डोळे चुरचुरू लागले आणि आता कच्चे सफरचंद खाल्ले की तोंडात व कानात खाज येते. तपासणीत बर्च पॉझिटिव्ह आले ते समजले. पण शेंगदाणाही पॉझिटिव्ह आला आणि मी घाबरलो आहे. दाण्याचे कूट नसलेला पदार्थ आमच्या घरी होतच नाही. आईला सांगायचे काय? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : बर्चचे झाड आपल्याकडे सह्याद्रीत नाही, त्यामुळे ही तक्रार आपण परदेशात कमावली आहे असे म्हणता येईल. ‘बेट व्ही १’ च्या कुळातील प्रथिने सफरचंदात, हेझलनटमध्ये, गाजरात, सोयाबीनमध्ये आणि शेंगदाण्यातही असतात. शेंगदाण्यातील त्या प्रथिनाचे नाव ‘अरा एच ८’. बर्चविरुद्ध तयार झालेले आयजीई त्याला चिकटते. हे कुळ नाजूक असते. शिजवल्याने आणि जठररसाने त्याची घडी मोडते. म्हणून कच्च्या सफरचंदाने तोंड खाजते, पण त्याच सफरचंदाचा मुरांबा खाल्ला तर बहुतेकांना काही होत नाही.

शेंगदाण्याची धोकादायक अ‍ॅलर्जी ज्या प्रथिनांमुळे होते ती वेगळी : ‘अरा एच १’, ‘२’, ‘३’ आणि ‘६’. ही दाण्याच्या साठवणीची प्रथिने भाजून-तळूनही टिकून राहतात, आणि त्यांतल्या त्यात ‘अरा एच २’ सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. आपल्या ॲलर्जीतज्ज्ञांना ‘अरा एच २’ आणि ‘अरा एच ८’ वेगवेगळे तपासायला सांगा. जर्मनीत ही नित्याची तपासणी आहे. फक्त ‘अरा एच ८’ पॉझिटिव्ह आले आणि आजपर्यंत साबुदाण्याच्या खिचडीने आपल्याला काही झालेले नसेल, तर खिचडी सोडण्याचे कारण दिसत नाही. ‘अरा एच २’ पॉझिटिव्ह आले तर मात्र डॉक्टर सांगतील तसेच करा आणि घरच्या चाचण्या टाळा.

एक सावधगिरी आपण विचारली नसली तरी सांगतो. सोयाबीनच्या ‘ग्लाय एम ४’ मुळे बर्चच्या काही रुग्णांना सोया-दुधाने किंवा सोयाच्या प्रथिन-पेयाने जोराची रिअ‍ॅक्शन आलेली आहे, कारण त्या पेयात फारसे न शिजलेले प्रथिन एका घोटात भरपूर पोटात जाते. व्यायामशाळेतले असे पेय बर्चच्या हंगामात तरी घेऊ नका.

प्रश्न : वय २८, कबड्डी खेळतो. दोन वर्षांत तीन वेळा मैदानावर अंगभर गांधी उठून चक्कर आली. एकदा बेशुद्ध होऊन दवाखान्यात न्यावे लागले. तिन्ही वेळा सामन्याआधी तासाभरात चपाती-भाजी खाल्ली होती. एरवी चपाती रोज खातो, काही होत नाही. गव्हाची रक्ततपासणी निगेटिव्ह आहे. – एक खेळाडू, सोलापूर

उत्तर : आजच्या पत्रांत हे सर्वांत तातडीचे आहे. गहू आणि श्रम एकत्र आले तरच उद्भवणारी ही तीव्र अ‍ॅलर्जी ओळखीची आहे आणि नेहमीच्या तपासणीत ती हुकते यात नवल नाही. तिला मुख्यतः जबाबदार असलेले प्रथिन म्हणजे ग्लुटेनमधील ओमेगा-५ ग्लायडिन. हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे गव्हाच्या पाण्यातील अर्कात ते जवळपास उतरतच नाही आणि तपासणी निगेटिव्ह येते. पीठ भिजवून, मळून, वाहत्या पाण्याखाली धुतले की हातात जो चिवट रबरासारखा गोळा उरतो, त्यात ते असते. जे पाणी वाहून गेले, बहुतांशी त्याचीच तपासणी झाली होती. रिकॉम्बिनंट ओमेगा-५ ग्लायडिन, म्हणजे ‘ट्राय ए १९’, वापरून केलेली तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. मोठ्या प्रयोगशाळांना डॉक्टरांकडून या नावाने चिठ्ठी द्या.

निष्कर्ष येईपर्यंत गव्हाचा कोणताही पदार्थ खाल्ल्यानंतर किमान चार ते सहा तास खेळ, सराव, धावणे बंद. पाव, बिस्किटे, रवा, शेवया हे सगळे गहूच आहेत. खेळाच्या दिवशी ज्वारीची भाकरी खा. सोलापुरात ती सुचवायला डॉक्टर लागू नये. अंगदुखीसाठी घेतलेल्या अ‍ॅस्पिरिन वर्गातील गोळ्या आणि मद्य यांनीही, श्रम न करता, हाच झटका येऊ शकतो. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ ठेवण्याविषयी आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत कसे द्यायचे याविषयी डॉक्टरांकडून शिकून घ्या, आणि संघातील निदान दोघांना शिकवा. मैदानावर आपण एकटे असता कामा नये.

प्रश्न : एका जाहिरातीत दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी एकाच वेळी होते असे आहे. घरातल्या सगळ्यांची करून घ्यावी का? – एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : नको. या तपासण्यांत बहुधा आयजीजी किंवा आयजीजी-४ प्रतिपिंडे मोजतात. आपण एखादा पदार्थ नियमित खातो याचीच ती खूण असते, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरवू नये, असे युरोप-अमेरिकेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी स्पष्ट सांगितले आहे. शंभरच्या वर प्रथिने एका काचपट्टीवर ठेवून आयजीई मोजणाऱ्या चिप तपासणीची गोष्ट वेगळी. ती शास्त्रीय आहे आणि गुंतागुंतीच्या रुग्णांत उपयोगीही. पण लक्षणे नसलेल्या माणसाची ती केली, तर वर मालवणच्या पत्रात लिहिलेला गोंधळ घरातील प्रत्येकाच्या नावाने घरी येईल.

प्रश्न : तपासणीचे समजले. पण ज्या प्रथिनाचे वावडे आहे तेच प्रथिन शुद्ध स्वरूपात टोचून अ‍ॅलर्जी कायमची बरी का करत नाहीत? मुलाला तीन वर्षे माइटची इंजेक्शने घ्यायला सांगितली आहेत. नवी पद्धत येईपर्यंत थांबावे का? – एक पालक, नाशिक

उत्तर : थांबू नका. कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ज्याचे वावडे, तेच अगदी थोडे टोचून हळूहळू वाढवत न्यायचे, हा उपचार लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांचा अर्क वापरून प्रसिद्ध केला. आपल्या मुलाला जे सुचवले आहे ते त्याचेच सुधारलेले रूप आहे. आयजीईऐवजी शरीर आयजीजी-४ हे प्रतिपिंड तयार करू लागते, ते अ‍ॅलर्जनला वाटेतच अडवते, आणि पुढे पेशींचा स्वभावही बदलतो. तीन वर्षे लागतात ती या बदलासाठी. इंजेक्शननंतर दवाखान्यात अर्धा तास बसवून ठेवतात ते रिअ‍ॅक्शनच्या भीतीने. घाई असली तरी तो अर्धा तास सोडू नका.

अर्काऐवजी रिकॉम्बिनंट प्रथिने टोचण्याचे प्रयोग झाले आणि ते अपयशी ठरले असे अजिबात नाही. गवताच्या परागकणातील पाच प्रथिनांचे मिश्रण वापरलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. रुग्णांचा त्रास व औषधांची गरज कमी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्चच्या प्रयोगात रिकॉम्बिनंट ‘बेट व्ही १’, झाडातून शुद्ध केलेले ‘बेट व्ही १’ आणि नेहमीचा अर्क अशी तिघांची तुलना होती. तिन्ही उपयोगी पडले. अर्क घेणाऱ्या काही रुग्णांत मात्र त्या परागकणातील दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्ध नवे आयजीई तयार झाल्याचे दिसले, जे शुद्ध प्रथिन घेणाऱ्यांत होण्याचे कारणच नव्हते.

त्याहून कल्पक मार्ग म्हणजे प्रथिन मुद्दाम बिघडवणे. आयजीई घडी ओळखते हे वर लिहिले आहे. प्रथिनाचे दोन तुकडे केले किंवा त्याची घडी मोडली, तर आयजीईला ते सापडत नाही आणि रिअ‍ॅक्शनचा धोका घटतो. पण प्रतिकारशक्तीच्या पेशी प्रथिनाचे बारीक तुकडे वाचतात, त्यांना ते ओळखीचे राहते. व्हिएन्नातील संशोधकांनी ‘बेट व्ही १’ चे असे तुकडे आणि तिपटीने जोडलेले रूप रुग्णांना टोचून त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. पुढे त्यांनी गवताच्या अ‍ॅलर्जनचे छोटे तुकडे हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाला जोडून लस केली आणि दोन वर्षांच्या प्रयोगापर्यंत नेली.

शेंगदाण्याच्या बाबतीत याच कल्पनेने ठेच खाल्ली. ‘अरा एच १, २, ३’ मध्ये बदल करून ती प्रथिने मारलेल्या ई. कोलाय जिवाणूंच्या आतच ठेवली आणि गुदमार्गे दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या टप्प्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले १० जण होते. त्यांतील निम्म्यांना त्रासामुळे मात्रा पूर्ण करता आल्या नाहीत आणि दोघांना तीव्र रिअ‍ॅक्शन आली. कागदावर निरुपद्रवी केलेले प्रथिन शरीरात तसेच वागेल याची खात्री माणसाला दिल्याशिवाय मिळत नाही.

मग यशस्वी ठरलेली औषधे दुकानात का नाहीत? माझ्या मते मुख्य अडचण शास्त्राची नाही. अर्काची इंजेक्शने जुन्या वाटेने बाजारात आलेली आहेत. रिकॉम्बिनंट प्रथिन मात्र नवे औषध म्हणून प्रत्येक टप्प्यातून, प्रत्येक वयोगटात, नव्याने सिद्ध करावे लागते, आणि पाच प्रथिनांचे मिश्रण असेल तर पाचांचा हिशेब द्यावा लागतो. एवढा खर्च करून हाती येते ते ‘अर्काइतकेच चांगले, थोडे अधिक नेमके’. गुंतवणूकदाराला हे वाक्य विकणे कठीण आहे. म्हणून रिकॉम्बिनंट अ‍ॅलर्जन तपासणीच्या टेबलावर येऊन पुष्कळ वर्षे झाली, पण नेहमीच्या उपचारात ती अजून शिरलेली नाहीत. आयजीईला बांधून ठेवणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन अनेकांना याच गटातले वाटते. तेही रिकॉम्बिनंट आहे, पण ते प्रतिपिंड आहे, अ‍ॅलर्जन नव्हे, आणि ते बंद केले की परिणाम ओसरतो.

आपल्या मुलाला मात्र या प्रगतीचा आजच एक उपयोग करून घेता येईल. इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी ‘डर पी १’ आणि ‘डर पी २’ तपासून घ्या. माइटच्या अर्काच्या इंजेक्शनांत मुख्यतः याच दोन प्रथिनांचा भरवसा असतो. ती पॉझिटिव्ह असतील तर तीन वर्षांची तयारी समाधानाने करा. ती निगेटिव्ह आणि केवळ ‘डर पी १०’ पॉझिटिव्ह असेल, तर या इंजेक्शनांनी फायदा होण्याची शक्यता कमी, आणि तसे डॉक्टरांशी बोलायला हवे. त्वचेवरची चाचणी करायची असेल तर खाजेच्या व सर्दीच्या अँटिहिस्टामिन गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. रक्ततपासणीला ते बंधन नाही.

प्रश्न : पुण्याजवळ शेती आहे. गाजर गवत उपटले की मान, पापण्या आणि कोपराच्या आतला भाग लाल होऊन जाड पडतो, महिनोन् महिने खाज राहते. आयजीईची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली. यासाठी ही नवी, रिकॉम्बिनंट तपासणी आहे का? – एक शेतकरी, पुणे जिल्हा

उत्तर : गाजर गवताची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातलीच आहे, तेव्हा हा प्रश्न या स्तंभात कधीतरी येणारच होता. या एका गवताने दोन स्वतंत्र आजार होतात. त्याच्या परागकणाने काहींना शिंका-सर्दी होते. ती आयजीईची अ‍ॅलर्जी आहे आणि तिच्यासाठी ‘पार एच १’ हे प्रथिन ओळखले गेले आहे. आपला आजार दुसरा आहे. पापण्या, मान, कोपराची घडी या जागा आणि महिनोन् महिने टिकणारी जाड त्वचा हे वर्णन पार्थेनिन या द्रव्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे आहे. पार्थेनिन हे प्रथिन नाही. तो सेस्क्वीटर्पीन लॅक्टोन वर्गातला लहानसा रेणू आहे, आणि त्याला आयजीई नव्हे तर प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी प्रतिसाद देतात. त्यामुळे आयजीईची कोणतीही तपासणी, अर्काची असो वा रिकॉम्बिनंट, आपल्याबाबत निगेटिव्हच येणार. जिवाणूत जनुक घालून प्रथिन बनवता येते. पार्थेनिन ही अशा एका जनुकाची थेट उपज नव्हे, म्हणून तो मार्ग येथे लागू नाही.

आपल्याला हवी आहे ती पॅच टेस्ट. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून जागा पाहतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. चाचणी त्वचेचा भडका ओसरल्यावर करायची असते, आणि त्या चार दिवसांत पाठ भिजवायची नाही. तेव्हा पावसाळा आणि खुरपणीचे दिवस सोडून तारीख घ्या. तोवर गवत उपटण्याचे काम दुसऱ्याकडे द्या, आणि वाळलेले गवत जाळू तर मुळीच नका, कारण धुरातून आणि धुळीतूनही ते पापण्यांपर्यंत पोचते.